दोन साक्षींचे वाघुळदे सर

वाघुळदे सरांनी मला पहिल्यांदा चहा पाजला, तेव्हा माझ्या कपातला थोडा चहा त्यांनी आधी आपल्या बशीत ओतून घेतला, त्याचा वास घेतला, चाखला आणि मग म्हणाले, "घ्या भामरे, आजचंच दूध आहे." मी नुकताच जळगावच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आलो होतो. रसायनशास्त्राचे एवढे ज्येष्ठ प्राध्यापक आपल्यासारख्या नवख्याला चहा पाजतात, या विचारानं मी भारावून गेलो. आठवडाभरात कळलं की त्यांना माझी काळजी नव्हती, कँटीनवाल्याचा संशय होता. आणि महिनाभरात हेही कळलं की त्यांना माझाही होता. मी मूळचा शिंदखेड्याचा, धुळ्याची बरी चाललेली नोकरी सोडून इकडे का आलो, हे त्यांनी चहा पिता पिता मला विचारलं होतं. मग धुळ्यातल्या एका ओळखीच्याला फोन करून तेच त्याला विचारलं. दोन्ही उत्तरं जुळली, तेव्हा कुठे मला त्यांच्या प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडता आला.

सर रावेरकडचे, केळीच्या मळ्यातले. उंच, वाळलेले, खिशाला तीन पेनं. त्यातलं तिसरं काचेवर लिहायचं. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर द्रवाच्या पातळीला त्यांची एक बारीक रेघ आणि तारीख असायची. घरी गॅसचं सिलिंडर आलं की ताणकाट्याला टांगल्याशिवाय आत जायचं नाही. बाजारात भरताची वांगी घेताना बाई म्हणाली, "बामणोदची हायेत, दादा," की हे विचारत, "बामणोदच्या कोणाच्या मळ्यातली?" बाईनं नाव सांगितलं, तर शेजारच्या टोपलीवालीला तेच नाव खरं का म्हणून विचारत. पोरं त्यांना मागं 'शंकासुर' म्हणत. हे त्यांना दोन वेगवेगळ्या पोरांकडून कळलं होतं, त्यामुळे त्यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "एकानं सांगितलं म्हणजे बातमी. दोघांनी सांगितलं म्हणजे विचार करू."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण पंचाईत अशी की माणूस बहुतेक वेळा बरोबर निघायचा. आमच्या कार्यालयातल्या एका क्लार्कच्या मुलीला नशिराबादचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घरचं चांगलं, सगळे खूश. सरांनी विचारलं, "मुलगा कंपनीत आहे हे कोण सांगतं?" क्लार्क म्हणाला, "त्याचा मामा." "आणि दुसरं कोण?" दुसरं कोणी नव्हतं. सर रविवारी स्कूटर काढून एकटेच नशिराबादला गेले, मुलाच्या घरी न जाता समोरच्या पंक्चरवाल्याकडे चांगल्या चाकात हवा भरत बसले. मुलगा सहा महिन्यांपासून घरीच होता. कंपनी कधीच सुटली होती. स्थळ मोडलं आणि क्लार्कनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून कॉलेजात असं झालं की वाघुळदे सरांना संशय आला म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे सगळे धरूनच चालायचे. मीही तसाच धरून चालू लागलो. त्याची लाज मला आजही वाटते, पण ते पुढे येईल.

असल्या माणसानं आयुष्याची बारा-तेरा वर्षं ज्या एका रेणूमागं घालवली, तो रेणूही त्यांच्याच स्वभावाचा निघावा यात मला नवल वाटलं नाही. सरांचं म्हणणं, संगणक म्हणजे वायरी आणि पेटी नव्हे. संगणक म्हणजे दोन प्रश्नांची 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरं घेऊन त्यावरून तिसरं उत्तर देणं. हे काम एक रेणूसुद्धा करू शकतो. त्यांच्या रेणूला दोन खोबणी होत्या. एका खोबणीत आम्ल बसायचं, दुसरीत पोटॅशियम. दोन्ही भरल्या तरच तो जांभळ्या दिव्याखाली निळा उजळायचा. एकच भरली, तर अंधार. मला समजावताना ते म्हणाले, "ग्रामपंचायतीचा चेक पाहिलाय ना? सरपंचाची सही, ग्रामसेवकाची सही. एकाच सहीवर वटला, तर समजायचं काहीतरी गडबड आहे."

जांभळा दिवा आणि अंधारी खोली माझ्या ताब्यात होती, प्रकाशाच्या प्रयोगांसाठी. त्यामुळे सरांचं माझ्याकडे येणं-जाणं वाढलं. सोबत प्रयोगशाळेतले परिचर सुपडूनाना नळ्यांचा स्टँड धरून यायचे. ते धुळ्याकडचे, म्हणून माझ्याशी अहिराणीतच बोलायचे. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, सर नळीमा कंप्युटर बनाडी ऱ्हायनात म्हणे. तेन्हामा पिच्चर दिखी का?" मी म्हटलं, "नही नाना, नुसता हो-नही दिखस." नाना विचारात पडले. "मंग ते माले बिगर नळीनं बी सांगता येस," म्हणाले.

याच नानांच्या साबणावर सरांनी एकदा अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरला होता. फेस दिवाळीसारखा निळा चमकला. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत चमक घातलेली असते, ती. सर म्हणाले, "साबणानं धुतलेली नळी म्हणजे फोडलेला साक्षीदार." त्या दिवसापासून साबण बंद. नळ्या आम्लात भिजवायच्या आणि डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा खळबळायच्या. नाना इमानदारीनं तसं करायचे. सरांना मात्र खात्री होती की नाना तीनदा म्हणतात आणि दोनदाच करतात.

रेणूवर काम करणारी सरांची विद्यार्थिनी वैशाली महाजन. धरणगावची, पस्तिशीच्या आतबाहेरची. आमच्याकडेच तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जूनमध्ये यादीत नाव लागलं तर वर्ष निघायचं, नाही लागलं तर घरी बसायचं. पीएच. डी. झाली असती तर कायमच्या जागेसाठी उभं राहता आलं असतं. नोंदणीची मुदत त्या वर्षीच्या पावसाळ्यात संपत होती. प्रबंध लिहून तयार होता. मार्गदर्शक म्हणून सरांची सही तेवढी व्हायची होती.

सरांनी प्रबंध वाचला आणि त्यांना संशय आला. कारण काय, तर आकडे फार चांगले होते. शेकडो नळ्या, एकही चुकलेली नाही. काहीच नाही घातलं तर अंधार, नुसतं आम्ल तर अंधार, नुसतं पोटॅशियम तर अंधार, दोन्ही तर प्रकाश. दर वेळी. शिवाय शेवटचे प्रयोग तिनं एका रविवारी एकटीनं केले होते. "इतकं सरळ कोणी चालत नाही, भामरे," सर मला म्हणाले. त्यांनी ठरवलं की पडताळा स्वतः घ्यायचा, आणि त्यात नाना नकोत, वैशाली नको, कोणी नको. नळ्यांचा नवा खोका त्यांनी घरी नेला, आपल्या हातानं धुतला, वाळवला, धुतल्या फडक्यात बांधून कुलूप लावून आणला. दुसरी साक्ष म्हणून मला घेतलं.

एप्रिलची दुपार होती. अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत होतो. पहिली नळी, रेणू एकटा. अंधार. दुसरी, रेणू आणि पोटॅशियम. अंधार. तिसरी, रेणू आणि आम्ल. सरांनी दिवा धरला आणि नळी निळी उजळली.

सरांनी नवी नळी घेतली, परत तेच केलं. निळी. अशा सहा नळ्या झाल्या. सहाही निळ्या.

"काय दिसतं, भामरे?"

"निळं दिसतं, सर."

"लिहा. सही करा."

मी नोंदवहीत लिहिलं आणि खाली सही केली. मला जे दिसलं तेच लिहिलं, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण चेक एका सहीवर वटत होता, आणि वैशालीच्या वहीत तर दर वेळी दोन सह्या होत्या. याचा अर्थ मी सही करता करताच मनात काढून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. मी होतो, सुपडूनाना होते. सरांनी माझ्या सहीचं पान तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं. "सर, नुसत्या आम्लात मला एकदाही उजेड दिसला नाही."

"तेच विचारतोय. दिसला नाही, की लिहिला नाहीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सरांनी मग नानांकडे मोर्चा वळवला. हिच्या नळ्या कोणी धुतल्या, किती पाण्यानं, कोणी पाहिलं? नानांचा चेहरा उतरला. "पंचवीस वरीस व्हयनात सर, मी नळ्याच धोई ऱ्हायनू," म्हणाले. "आज विचारी ऱ्हायनात का, कितला पानीनी?" सरांनी वही मिटली. सही झाली नाही.

सर कोणाला काही बोलले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. पण विभागप्रमुखांनी सहज विचारलं, "महाजनबाईंची सही झाली का?" आणि सर म्हणाले, "आकडे जुळत नाहीत." तेवढं पुरलं. वाघुळदे सरांना संशय आला म्हणजे आलाच. स्टाफरूममध्ये वैशाली आली की बोलणं हवापाण्यावर जायचं. जूनच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आणि मी, ज्यानं तिला रोज सकाळी नवाच्या आत प्रयोगशाळेत पाहिलं होतं, तोही म्हणालो, "काहीतरी असेल." मला तिचा विश्वास वाटत नव्हता असं नाही. सरांचा जास्त वाटत होता.

यादी लागल्यावर चौथ्या दिवशी ती माझ्या अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी. हातात तिच्या नळ्यांचा स्टँड. "भामरे सर, त्या पानावर दुसरी सही तुमची आहे ना? मग दुसऱ्यांदाही बघा. आणि सरांना बोलवा. त्यांच्या पाठीमागं मला काही करायचं नाही." सरांनी धुतलेल्या नळ्यांपैकी उरलेल्या माझ्याच कपाटात कुलपात होत्या. किल्ली सरांकडे. मी फोन केला. ते आले, कुलूप तपासलं, फडक्याची गाठ तपासली, मग उघडलं.

वैशालीनं दार लावून अंधार केला. सरांच्या नळीत रेणू आणि आम्ल घातलं. निळा उजेड. आपल्या नळीत तेच घातलं, त्याच बाटल्यांतून. अंधार. सर म्हणाले, "बघितलं? तुझ्या नळ्यांत काहीतरी आहे, जे उजेड विझवतं."

"थांबा सर." तिनं सरांचीच एक न वापरलेली नळी घेतली, डिस्टिल्ड पाण्यानं खळबळली. एकदा, दोनदा, तीनदा. ती मोठ्यानं मोजत होती. मग त्यात रेणू आणि आम्ल.

अंधार.

परत एक नळी, परत तीन पाणी. अंधार. न खळबळलेली नळी, निळी. आता मलाही कळलं. तिच्या नळीत उजेड विझवणारं काही नव्हतं, सरांच्या नळीत उजेड देणारं काहीतरी होतं. दुसरी सही आधीपासूनच नळीवर होती.

"माझ्या नळ्या कोणी धुतल्या ते तुम्ही विचारलंत, सर," वैशाली म्हणाली. "तुमच्या कोणी धुतल्या?"

"मी. माझ्या हातानं."

"कशानं?"

अंधारात मला फक्त सरांच्या स्टुलाची कुरकुर ऐकू आली.

"मी तिसरं प्रकरण दुरुस्त करून द्यायला तुमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "तुमच्या ओट्यावर नळ्या उपड्या वाळत होत्या. शेजारी काकूंची तांब्याची भांडी, आणि एक डबा. त्या डब्यात काय होतं, सर?"

"राख."

"कशाची?"

केळीत पोटॅशियम असतं हे जळगावात शेंबडं पोरही सांगतं. घड कापून झाले की वाळलेल्या खोडांची राख करायची, ती वर्षभर भांड्यांना वापरायची, ही सरांच्या गावची घरोघरची रीत. सरांनी साबणावर संशय घेतला होता, नळाच्या पाण्यावर घेतला होता, सुपडूनानांवर, वैशालीवर, कदाचित माझ्यावरही. एकाच वस्तूवर कधी घेतला नव्हता. आईनं त्या राखेनं घासलेल्या ताटात ते लहानपणापासून जेवले होते. राखेनं घासून वरून एक पाणी घातलं की काम झालं, असं ते धरूनच चालले होते. अंधारात ते अगदी हळू, गावच्या बोलीत म्हणाले, "माह्या मायची राख व्हती ते."

मी विचारलं, "दिवा लावू का, सर?"

"नको," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, अंधार होता ते बरं झालं. मग वैशालीनंच उठून दार उघडलं.

सरांनी त्याच दिवशी नोंदवहीत माझ्या सहीखाली सगळा प्रकार लिहिला आणि प्राचार्यांकडे गेले. यादी मात्र बदलली नाही. जागा भरली होती, नवीन माणूस रुजू झाला होता. वैशालीचं ते वर्ष गेलं. ती धरणगावला दहावीच्या शिकवण्या घेऊ लागली. सुपडूनानांना मी विचारलं, सर काही बोलले का? नाना म्हणाले, "काही नही. पन आते पानी मोजतस नही."

प्रबंधाची मुदत अजून बाकी होती. वैशालीनं त्यात एक परिच्छेद घातला: एका पडताळ्यात नळ्या केळीच्या राखेनं धुतल्या गेल्यामुळे पोटॅशियम आलं आणि चुकीचं उत्तर मिळालं. सर तो वाचून म्हणाले, "धुतल्या कोणी ते लिही."

"त्याची गरज नाही, सर. सही तेवढी द्या, मला जाऊ द्या." ती चिडली होती आणि तिला चिडण्याचा हक्क होता. "माझ्या प्रबंधात तुमची चूक कशाला?"

"तू लिहिलं नाहीस तर वाचणारा सुपडूवर ढकलेल. नाही तर तुझ्यावर. प्रयोगशाळेत नळ्या कोण धुतं, सगळ्यांना माहिताय." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मार्गदर्शकानं धुतल्या असं लिही. मग सही करतो."

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी वाक्य घालून आणलं. सरांनी ते वाचलं, मलाही वाचायला दिलं, आणि सही केली. शंका घ्यायची सवय मला त्यांच्याकडूनच लागलेली, म्हणून तेव्हाही मनात आलं: हा पश्चात्ताप आहे, की एवढंच की खोटी नोंद मागे राहिलेली या माणसाला सहन होत नाही? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला दुसरी साक्ष मागितली असती.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत धुळ्याला आलो; तेव्हापासून सरांशी फोनवर बोलणं होतं, भेट नाही. मी जळगाव सोडण्याआधी वैशालीची खुली मौखिक परीक्षा झाली. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले, हसतमुख गृहस्थ. सभागृह भरलेलं होतं. वर्षभर हवापाण्यावर बोलणारे सगळे पुढच्या रांगांत, विभागप्रमुखही. वैशालीनं चार ओळींचा तक्ता दाखवला, निळा उजेड दाखवला, प्रश्नांना नीट उत्तरं दिली. परीक्षकांनी प्रबंध चाळता चाळता एक पान धरलं, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, की पडताळ्याच्या नळ्या मार्गदर्शकानं केळीच्या राखेनं धुतल्या होत्या. सभागृहात हशा पिकला. "असं कोणी लिहितं का?" तेही हसत म्हणाले. "कोण हो हे मार्गदर्शक?"

अगदी मागच्या रांगेत, विद्यार्थ्यांच्या बाकावर, वाघुळदे सरांनी हात वर केला. उभे राहिले नाहीत, नुसता हात. हशा थांबला. पुढच्या रांगांतल्या माना मागं वळल्या. परीक्षक अवघडून म्हणाले, "अहो सर, गंमत केली. हात खाली घ्या."

सरांनी घेतला नाही. ते परीक्षकांकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर व्यासपीठावर वैशालीवर होती. तिनं हातातले कागद टेबलावर ठेवले. मग तिनं 'हो' अशी मान हलवली, आणि तेव्हा सरांनी हात खाली केला.